मोजणीत धरलेली माय

दादा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुम्हाला मुद्दाम काही सांगावं असं मला वाटलं नाही, हे आधीच कबूल करतो. आठवण यायची, येऊन जायची. मागच्या महिन्यात मात्र साखऱ्याच्या पुढच्या शेतातल्या त्या आखाड्यावर मोजणीला गेलो होतो. तोच आखाडा, जिथं तुम्ही दोन सख्ख्या भावांचं भांडण एका वाक्यात मिटवलं होतं आणि जमलेला सगळा गाव खदखदून हसला होता. तिथून परत आल्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतोय. जेवताना, मोटारसायकलवर, ऑफिसात नकाशावर रेघ मारताना. बायको म्हणाली, तुमचे ओठ हलतात हो, कुणाशी बोलता? काय सांगणार तिला? म्हणून हा कागद घेतला.

निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी दिवस मोजतोय, आणि ते खरंच आहे. पाय अजून धड आहेत, कान मात्र थकलेत. ऐकू येतं, पण ऐकवत नाही. भूकरमापक म्हणजे जमीन मोजणारा माणूस, असं लोकांना वाटतं. जमीन मोजायला आता तासभरसुद्धा लागत नाही. उरलेला दिवस धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, उभं राहून दोन्हीकडच्यांचं ऐकण्यात जातो. एका कानाशी थोरला, दुसऱ्या कानाशी धाकटा, मागून दोघांच्या बायका, आणि कडुलिंबाखाली बसलेले चार रिकामटेकडे, ज्यांना मोजणी म्हणजे फुकटचा तमाशा. तीस वर्षं हेच ऐकतोय. शिव्यासुद्धा त्याच आहेत, एखादी नवी आली तर तेवढाच बदल वाटेल.

दिवाळीच्या आधी हिंगोलीला आम्हा सगळ्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. विषय काय, तर तणावाच्या प्रसंगी संवाद आणि मध्यस्थी. शिकवणारी मुलगी माझ्या धाकटीच्या वयाची, पुण्याकडची, बोलायला गोड. पडद्यावर एकेक वाक्य यायचं. समोरच्याचं पूर्ण ऐका. त्याचंच म्हणणं त्याला आपल्या शब्दांत परत सांगा. 'तुम्ही चुकलात' म्हणू नका, 'मला असं वाटतं' म्हणा. आम्ही पन्नाशी उलटलेले पुरुष खुर्च्या समोरासमोर मांडून एकमेकांना 'मला असं वाटतं' म्हणत बसलो होतो. हसू येत होतं, पण खोटं कशाला बोलू, त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. सगळं तुम्ही करायचात, फक्त पडदा नव्हता. शेवटी तिनं विचारलं, कुणी आपला अनुभव सांगेल का? आणि मी उठून तुमची गोष्ट सांगितली, साखऱ्याच्या आखाड्याची. टाळ्या पडल्या, दादा. ती मुलगी वहीत लिहून घेत होती. मला तेव्हा काय माहीत, की पंधरा दिवसांत त्याच जमिनीच्या मोजणीचा अर्ज माझ्या टेबलावर येणार आहे.

तुम्ही ऑफिसात शिपाई, आणि मोजणीला गेलं की साखळी ओढणारे. मी भूकरमापक म्हणून लागलो तेव्हा तुमच्या नोकरीची पाच वर्षं उरली होती आणि कुणाच्या तरी मेहेरबानीनं आपण दोघं एकाच ऑफिसात आलो. तेव्हा हिंगोली वेगळी झाली नव्हती, आपला जिल्हा परभणी होता. शेतात तुम्ही मला 'साहेब' म्हणायचात. चारचौघांत तर म्हणायचातच, पण आपण दोघंच धुऱ्यानं चाललो असलो तरी म्हणायचात, आणि दोन पावलं मागं राहायचात. मला लाज वाटायची. घरी आलं की चपला काढता काढता 'अरे लेकरा' सुरू व्हायचं, पण उंबऱ्याबाहेर साहेब म्हणजे साहेब. काही गावांत मला पाणी चकचकीत तांब्यातून यायचं, कारण मी साहेब. आणि तुम्हाला कुठूनतरी कोनाड्यातून काढलेल्या वेगळ्या पेल्यात. आपण बापलेक, एकाच घरचे, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तुम्ही घरून आणलेल्या बाटलीचं झाकण उघडायचात आणि म्हणायचात, 'मला घरचंच पाणी सोसतंय जी.' मी तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहायचो. कधी प्यायचो, कधी नाही.

आणि हाच वेगळ्या पेल्याचा माणूस तासाभरात त्या गावातल्या मातब्बरांच्या हातात साखळीची टोकं द्यायचा. ही तुमची खरी करामत. साखळी खरं म्हणजे तुम्ही आणि दुसऱ्या शिपायानं धरायची. पण दुसऱ्याला तुम्ही लांब खुणेच्या झेंड्यापाशी उभं करायचात आणि एक टोक एका भावाकडं, दुसरं टोक दुसऱ्याकडं. 'धरा जी जरा, मनगट दुखून राहिलंय माझं.' तुमचं मनगट कधीच दुखत नव्हतं. साखळी सरळ ठेवायची तर दोघांना एकमेकांशी बोलावंच लागतं. 'ताण.' 'सोड जरा.' 'ढेकळात अडकली बघ.' 'आली का?' 'आली.' वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं दोन-दोन तास असं बोलत शेतभर फिरायची, आणि शेवटी निघालेली रेघ त्यांच्याच हातची असायची. तिला खोटी म्हणायची सोय राहायची नाही. एकदा मी म्हटलं, दादा, हे नियमात नाही. तर तुम्ही म्हणालात, 'नियमात मोजणी हाय साहेब, भांडण न्हाई. भांडणाचं आपल्यालाच बघावं लागतंय.'

मला ते शिकायला वेळ लागला. पहिल्याच वर्षी, पुसेगावकडच्या एका मोजणीत, रेघ निघाल्या निघाल्या मी एका म्हाताऱ्याला सांगून टाकलं, तुमचा धुरा तीन हात त्यांच्यात गेलाय. खरं होतं ते. त्यानं झेंडा उपटून माझ्या अंगावर फेकला आणि मी पोलिसांत जायची भाषा केली. तुम्ही तिथं एक शब्द बोलला नाहीत. घरी आलो. माय चुलीपुढं भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर बसून दुधात भाकरी कुस्करत होता, आणि मान वर न करता म्हणालात, 'साहेब.' घरात साहेब म्हणालात तेव्हाच मी ओळखलं, आता आपली काही धडगत नाही. 'साहेब, तुमी खरं बोललाव. पण त्याची सून तिथं उभी होती, पाह्यलं का? व्याही आला होता त्याचा. माणसाला खोटं ठरायची तकलीफ नसती. कोणापुढं ठरलो, त्याची असती. बाजूला घेऊन सांगितलं असतं तर त्यानं सोताच्या हातानं धुऱ्याचा दगड हलवला असता.' मायनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, 'जेवू द्या की लेकराला.' तुम्ही जेवू दिलंत. त्या दिवसापासून आजपर्यंत मी कुणालाही चारचौघांत रेघ सांगितलेली नाही.

आखाड्याचा दिवस त्यानंतरचा, तुमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातला. बाप गेलेला, मागं दोन भाऊ, जमिनीचे दोन हिस्से पाडायचे. जमीन सरळ निम्मी होत होती. भांडण होतं आखाड्याचं, म्हणजे शेतातल्या त्या कुडाच्या खोपीचं, कारण खोपीला लागून विहीर होती आणि विहिरीला उन्हाळ्यातसुद्धा पाणी असायचं. नवरा होता तोवर म्हातारी त्याच्यासोबत त्या खोपीतच राहायची, तो गेल्यावर एकटी. दोघंही भाऊ विहिरीवर अडून बसलेले. रेघ निघाली आणि खोप नि विहीर थोरल्याच्या हिश्श्यात गेली. धाकट्यानं कुऱ्हाड उचलली. मी मोजणीच्या प्लेन टेबलाच्या मागं उभा. तुम्ही साखळी गोळा करत होता, ती तशीच खाली ठेवलीत आणि थट्टेत म्हणावं तसं मोठ्यानं म्हणालात, 'एक काम करा जी. आखाडा ज्याच्या वाटणीत, माय बी त्याच्याच वाटणीत. जिती हाय तवर त्यानंच बघायचं, दुसऱ्यानं एक दाणा द्यायचा न्हाई. बोला, कोणाला पाह्यजे विहीर?'

आधी कडुलिंबाखालचे सगळे हसले. थोरला हसला, धाकटाही हसला, आणि कुऱ्हाड खाली आली. विहिरीसोबत जबाबदारीही थोरल्याच्या गळ्यात पडली म्हटल्यावर धाकट्याचा राग निम्मा झाला. आणि विहीर मिळतेय म्हटल्यावर थोरला कशालाही कबूल होता. गावानं तुमचं वाक्य उचलून धरलं. आखाडा ज्याचा, माय त्याची. परतीच्या वाटेवर मी म्हणालो, दादा, आज एक मुडदा पडायचा राहिला. तुम्ही म्हणालात, 'हसल्यावर माणसाचा हात उठत न्हाई, साहेब.' मला तुमचा इतका अभिमान वाटला होता, की पुढं पंचवीस वर्षं ती गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला ऑफिसात सांगत आलो.

आता पुढचं ऐका. विहीर आटली. थोरल्यानं रस्त्याकडच्या अंगाला बोअर घेतला. जुनी खोप एका वादळात पडली, जुन्या जागी पाणी साचायचं म्हणून दहा-बारा पावलं सरकून नवी पत्र्याची बांधली. मधला धुरा दरसालच्या नांगरटीत गेला. म्हातारी आहे, त्या पत्र्याच्या खोपीतच आहे. आणि थोरल्याचं म्हणणं असं, की नवी खोप धाकट्याच्या हिश्श्यात बसलीये, तेव्हा माय आता धाकट्याची. धाकट्याचं म्हणणं, खोप थोरल्याच्याच जागेत आहे, पाहिजे तर सरकारी मोजणी करा. म्हणून अर्ज. तीस वर्षांत 'ही जागा माझी' म्हणून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे मी रोज पाहिले. 'ही जागा माझी नाही, त्याची आहे' म्हणून धावून जाणारे पहिल्यांदाच पाहत होतो. मला आधी समजेचना. वाटलं, मीच उलटं ऐकतोय.

आणि आता साखळी नाही, दादा. आता रोव्हर असतो. एक काठी, वर तबकडी, ती उपग्रहांशी बोलते आणि जागा सांगते. धरायला एकच माणूस पुरतो. त्या दोघा भावांच्या हातात द्यायला माझ्याकडं काहीच नव्हतं. ते दोन बाजूंना मोबाइल घेऊन उभे होते, एकमेकांचं शूटिंग करत. थोड्याच वेळात रेघ निघाली आणि ती खोपीच्या मधोमध गेली. दारातून आत, बाजेच्या आणि चुलीच्या मधून, मागच्या पत्र्यातून बाहेर. बाज धाकट्यात, चूल थोरल्यात.

तुमचं ऐकून मी दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन सांगितलं. काही उपयोग झाला नाही. थोरला तिथूनच ओरडला, 'झोपती कुठं ते बघा सायेब! माणूस झोपतंय तिथलंच धरावं लागतंय!' धाकटा म्हणाला, 'काहून? रांधून खाती कुठं ते बघा. चूल तिथं घर असतंय.' 'कायद्यात काय हाय ते सांगा तुमी.' 'हां, कायद्यात काय हाय?' आणि दोघं माझ्याकडं बघत राहिले, खरोखर उत्तराची वाट बघत. मी हात टेकले. सरकारनं इतके नियम छापलेत, पण आई झोपते तिथली धरायची की रांधते तिथली, हे कुठल्याच परिपत्रकात नाही.

म्हातारी दारात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. डोळे जवळजवळ गेलेत तिचे, बोटांनी चाचपून सोलते. गलका जरा कमी झाला तशी ती म्हणाली, 'साखळीवाला न्हाई आला का औंदा?'

मी म्हटलं, 'कोण साखळीवाला, मावशी?'

'मागल्या मोजणीला आलता त्यो. हसवणारा.'

'ते वारले.'

'अरं माय. चांगला होता बिचारा. समद्यायला हसवलं त्यानं. मी बी हसले होते.' तिनं दोन-तीन शेंगा सोलल्या. 'मंग समदे गेल्यावर ध्यानात आलं, का मला बी मोजणीत धरलं यायनं. इचारलं असतं तर मी काईतरी सांगितलं असतं. पर कोणी इचारलंच न्हाई.'

तो साखळीवाला माझा बाप होता, हे मी तिला सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं. आणि मला तुमचा राग आला, दादा. आयुष्यात तुमच्यावर असा कधी चिडलो नव्हतो. ज्याला गावोगाव वेगळ्या पेल्यात पाणी मिळालं, ज्याला कुणी कधी कशात विचारलं नाही, त्याला तरी ती दारात बसलेली बाई दिसायला पाहिजे होती. मग वाटलं, तुमच्यापुढं कुऱ्हाड होती. कुऱ्हाडीपुढं माणसाला जे सुचेल ते खरं. पण मी? मी टेबलामागं उभा होतो, शिकलेला, हात रिकामे, मलाही ती दिसली नाही. आणि दिवाळीआधी हिंगोलीत मी ती गोष्ट रंगवून सांगितली तेव्हा त्यात विहीर होती, कुऱ्हाड होती, कडुलिंब होता, तुमचं मनगटसुद्धा होतं. म्हातारी फक्त नावाला होती. ती त्या वेळी कुठं बसली होती, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मी रोव्हर बंद करायला सांगितलं आणि तिच्यासमोर मातीतच बसलो. विचारलं, 'मावशी, तुम्हाला कुठं राहायचंय?' मागून थोरला म्हणाला, 'सायेब, तुमी मोजणीचं बघा, घरच्या भानगडीत कशाला पडता?' मी मागं वळलो नाही. म्हातारीनं सोललेले दाणे बोटांनी एका बाजूला सारले. मग म्हणाली, 'औंढ्याला. लेकीपाशी. देवळापुढं बेलफुलाचं दुकान हाय तिचं. तिथं बसून बेलाच्या जुड्या बांधीन. हाताला दिसतंय मला अजून.'

हे ऐकलं मात्र, आणि पंचवीस वर्षांत कुणाला जमलं नाही ते झालं. दोघं भाऊ एक झाले. 'लेकीच्या घरी माय? दोन-दोन लेकं जिती असून?' 'लोकं तोंडात शेण घालतील आमच्या.' 'सोयऱ्याधायऱ्यांत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई.' ठेवून घ्यायला कुणी तयार नाही आणि जाऊ द्यायलाही कुणी तयार नाही. मला तिथून उठून, पंचनाम्यावर सह्या घेऊन सरळ निघून जायचं होतं. माझं काम झालं होतं, रेघ निघाली होती. कुणी मला नाव ठेवलं नसतं. पण गुडघे धरून बसलो होतो ते उठायचाच कंटाळा आला, असं म्हणा हवं तर. बसलो आणि त्यांना ओरडू दिलं. माणूस किती वेळ ओरडू शकतो, हे मला आता तोंडपाठ आहे. मधे कुणी बोललं नाही तर फार वेळ नाही ओरडत. कडुलिंबाखालच्या मंडळींना पंचनाम्याचे कागद आणि चहा यांच्या निमित्तानं गावात पिटाळलं. मोबाइल खिशात ठेवायला लावले. मग थोरल्याचं म्हणणं मी त्यालाच परत सांगितलं, त्या मुलीनं शिकवलं होतं तसं. म्हटलं, 'म्हणजे तुम्हाला मायचं ओझं नाही. गाव काय म्हणेल, त्याचं ओझं आहे.' तो म्हणाला, 'हां, बराबर.' आणि आपण काय बोलून बसलो हे कळल्यावर पायाखालच्या ढेकळाकडं बघत राहिला.

धाकट्याला विचारलं, 'गावात कुणी म्हणालं, तुझी माय कुठंय, तर तुम्हाला काय सांगता आलं म्हणजे मान खाली जाणार नाही?' त्यानं कान खाजवला. मग म्हणाला, 'डोळ्याचं सांगता येईल. औंढ्याला डोळे दाखवायला ठेवली म्हणून.' थोरल्यानं मान वर केली. 'हां. दवाखान्यासाठी बहिणीकडं ठेवली. दवाखान्याला किती दिवस लागतेत ते कोणाला माहीत?' वाटणीनंतर पहिल्यांदाच ते एकमेकांच्या वाक्याला वाक्य जोडत होते. मी म्हातारीकडं वळलो. 'चालेल का मावशी?'

'चालतंय,' ती म्हणाली. 'पर मंग खरंच दाखवा डोळे. खोटं काहून बोलायचं?'

दोघंही हसले, आणि मग धाकटा म्हणाला, 'दाखवतो, माय.' आठवड्यानं त्याचा फोन आला, पोचवली म्हणून. डोळ्याची तारीख मिळाली का, विचारलं, तर हो-हो म्हणाला. मिळाली असेलही. हा निकाल किती टिकेल, ठाऊक नाही. तुमचा पंचवीस वर्षं टिकला, आणि त्यातला एकेक दिवस ती त्या खोपीत एकटी होती. माझ्यात काही वेगळं असेल तर एवढंच, की मी तिला विचारलं. तेही ती आपण होऊन बोलली म्हणून.

आता तुमच्या घरचं सांगतो. तुम्ही गेलात, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आपला धाकटा बाहेरच्या खोलीत बसलो. तो नांदेडला, मी इथं. सहा महिने माय माझ्याकडं, सहा महिने त्याच्याकडं. चहा गार व्हायच्या आत ठरलं. कुणाचा आवाज चढला नाही, दोघांच्या बायका समोर होत्या, त्याही काही बोलल्या नाहीत. मामा म्हणाले, शिकलेली पोरं अशी असतात. माय स्वयंपाकघरात होती आणि मधलं दार उघडं होतं. तिनं ऐकलं असेल, असं आम्ही धरून चाललो. तेव्हापासून एकोणीस वर्षं ती आपली पत्र्याची पेटी घेऊन इकडून तिकडं जाते. भाऊ जुलैत आणून सोडतो, मी वर्षअखेरीला पोचवतो. एक दिवस कधी इकडचा तिकडं झाला नाही, याचा आम्हा दोघा भावांना अभिमान आहे.

परवा सकाळी ती घरापुढच्या ओट्यावर उन्हात बसली होती. मी दोघांचा चहा घेऊन तिच्याजवळ गेलो. ऑफिसला सुट्टी होती, बायको बाजारात गेली होती. परक्या बाईला मातीत बसून जे सहज विचारलं, ते स्वतःच्या आईला विचारायला मला अर्धा कप चहा लागला. 'माय, तुला कुठं राहायचंय?'

तिनं कप खाली ठेवला. 'काहून रे? कुठं धाडायचं ठरवलंय मला?'

'तसं नाही गं. असंच विचारलं.'

'सूनबाई काई म्हणली का? मी काई तकलीफ देती का तुमाला?'

'नाही माय. कुणी काही म्हणालं नाही.'

'मंग असं काहून इचारायलास?'

तिच्या चेहऱ्यावर भीती होती, दादा. माझी भीती. एवढ्या वर्षांत तिला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, आणि विचारला तेव्हा तिला त्यातून एकच अर्थ लागला. मला त्या मुलीचं पडद्यावरचं एक वाक्य आठवेना, तुमचंही एक आठवेना. 'काही नाही, चहा घे,' म्हणालो आणि कप उचलून आत गेलो. दुपारी तिच्या खोलीत डोकावलो तर तिनं पेटी भरून, कडी लावून दाराशी ठेवली होती. माझ्याकडची पाळी संपायला अजून बारा दिवस आहेत.

पुन्हा तिच्यापाशी बसायला पाहिजे होतं. तिला बोलू द्यायचं, मधे बोलायचं नाही, घाई करायची नाही, हे सगळं मला येतं. दुसऱ्यांच्या घरी हेच करून तीस वर्षं पगार घेतला. पण मी तिला पेटी उघड म्हणालो नाही. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून एवढं लिहून ठेवतो, दादा. त्या सकाळी तिनं उत्तर दिलं नाही, तेव्हा मला बरं वाटलं होतं.